मॅक्स श्मेलिंग : जर्मनीच्या पहिल्या हेवीवेट जगज्जेत्याची कारकीर्द

मॅक्स श्मेलिंग (२८ सप्टेंबर १९०५ – २ फेब्रुवारी २००५) हा जर्मन मुष्टियोद्धा १९३० ते १९३२ या काळात हेवीवेट, म्हणजे सर्वांत वजनदार गटाचा, जगज्जेता होता. हे पद मिळविणारा तो पहिला जर्मन. व्यावसायिक कारकिर्दीत त्याने ७० लढती खेळल्या. त्यांपैकी ५६ जिंकल्या, १० गमावल्या व ४ बरोबरीत सुटल्या. जिंकलेल्या लढतींपैकी ४० लढतींत प्रतिस्पर्धी अखेरपर्यंत टिकू शकला नाही. तथापि त्याचे नाव आज घेतले जाते ते प्रामुख्याने जो लुई या अमेरिकी कृष्णवर्णीय मुष्टियोद्ध्याशी झालेल्या दोन लढतींमुळे. १९३६ मधील पहिली त्याने जिंकली, १९३८ मधील दुसरी तो दोन मिनिटे व चार सेकंदांत हरला. या दोन लढतींच्या वेळी जर्मनीत हिटलरची राजवट होती, आणि रिंगणातील दोन माणसांच्या झुंजीला दोन राष्ट्रांच्या व दोन विचारसरणींच्या झुंजीचे रूप देण्यात आले होते.

जन्म व बालपण

श्मेलिंगचा जन्म उत्तर जर्मनीतील क्लाइन लुको या खेड्यात झाला. वडील जहाजावर सुकाणू सांभाळण्याचे काम करीत. कुटुंब लवकरच हॅम्बुर्ग या बंदराच्या शहरी स्थायिक झाले व मॅक्सचे बालपण तेथेच गेले. १९२१ साली अमेरिकेचा जॅक डेम्प्सी आणि फ्रान्सचा जॉर्ज कार्पांतिये यांच्यातील जगज्जेतेपदाच्या लढतीचा चित्रपट वडिलांनी त्याला दाखविला. त्या चित्रपटाने मुलाच्या मनाची पकड घेतली ती कायमची. डेम्प्सी त्याचे दैवत झाला. पुढे अमेरिकी वार्ताहरांना या दोघांच्या चेहऱ्यांत विलक्षण साम्य दिसले, हा योगायोग.

मुष्टियुद्ध हा जर्मनीत त्या वेळी नवा खेळ होता. पहिल्या महायुद्धापूर्वी कैसरच्या साम्राज्यात बहुतेक ठिकाणी मुष्टियुद्धाच्या जाहीर लढतींना बंदी होती. युद्धकाळात इंग्रजांच्या ताब्यातील छावण्यांत अडकून पडलेल्या अनेक जर्मनांनी तेथे हा खेळ शिकून घेतला आणि १९१८ नंतर मायदेशी परतताना तो सोबत आणला. १९२० मध्ये हौशी मुष्टियोद्ध्यांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. गुरु-परंपरा म्हणावी अशी काहीच नव्हती. श्मेलिंगची पिढी म्हणजे जर्मन मुष्टियुद्धाची जवळजवळ पहिलीच पिढी होय.

हौशी कारकीर्द

किशोरवय ओलांडताच श्मेलिंग कामाच्या शोधात ऱ्हाइन नदीकाठच्या औद्योगिक प्रदेशात आला. ड्युसेलडोर्फ व कोलोन या शहरांच्या परिसरात हातमेहनतीची कामे करीत असताना कोलोनच्या म्युल्हाइम भागात त्याने मुष्टियुद्धाचे रीतसर शिक्षण सुरू केले. हौशी लढती मोजक्या फेऱ्यांच्या असतात आणि त्यांत प्रतिस्पर्ध्याला लोळविण्यापेक्षा स्वच्छ ठोशांची संख्या महत्त्वाची ठरते. व्यावसायिक लढती त्या काळी दहा ते पंधरा फेऱ्यांपर्यंत चालत. त्यांत दम, सोसण्याची ताकद आणि एका ठोशाचे वजन यांची कसोटी लागे. श्मेलिंगचा पिंड या दुसऱ्या प्रकाराचा होता.

तरीही हौशी गटात त्याने अल्पावधीत नाव कमावले. १९२४ साली जर्मनीच्या राष्ट्रीय हौशी स्पर्धेत तो लाइट हेवीवेट गटाच्या अंतिम फेरीत पोहोचला व तेथे ओटो निस्पेलकडून पराभूत होऊन उपविजेता ठरला. राष्ट्रीय स्तरावरील हे उपविजेतेपद हेच त्याच्या हौशी कारकिर्दीचे शिखर. ती कारकीर्द तेथेच संपली, कारण त्याच वर्षीच्या २ ऑगस्टला ड्युसेलडोर्फ येथे त्याने आपली पहिली व्यावसायिक लढत जिंकली. तेव्हा तो अठरा वर्षांचा होता.

जर्मनीतील व्यावसायिक वर्षे

प्रारंभीची वर्षे चढउतारांची होती. १९२४ मध्येच मॅक्स डिकमानने त्याला हरविले. १९२५ मध्ये कॅनडाचा कृष्णवर्णीय मुष्टियोद्धा लॅरी गेन्स याने कोलोनमध्ये त्याला दुसऱ्याच फेरीत निष्प्रभ केले. त्याच वर्षी युरोपच्या दौऱ्यावर आलेल्या डेम्प्सीबरोबर प्रदर्शनीय लढतीत दोन फेऱ्या खेळण्याची संधी मात्र त्याला मिळाली. आपल्या दैवताकडून मिळालेल्या शाबासकीने त्याला मोठा धीर दिला.

पुढे तो बर्लिनला आला. मॅक्स माखोन हा प्रशिक्षक आणि आर्थर ब्युलोव हा व्यवस्थापक यांच्या हाताखाली त्याच्या खेळाला शिस्त आली. २४ ऑगस्ट १९२६ रोजी पूर्वी आपल्याला हरविणाऱ्या डिकमानला पहिल्याच फेरीत गारद करून त्याने जर्मनीचे लाइट हेवीवेट विजेतेपद मिळविले. या गटाची वजनमर्यादा १७५ पौंड, म्हणजे सुमारे ७९ किलो. १९ जून १९२७ रोजी डोर्टमुंड येथे बेल्जियमच्या फेर्नां देलार्जला चौदाव्या फेरीत नमवून तो युरोपचा विजेता झाला. जानेवारी १९२८ मध्ये इटलीच्या मिकेले बोनाल्याविरुद्ध त्याने हे पद पहिल्याच फेरीत राखले. पुढच्याच महिन्यात फ्रँकफुर्टमध्ये वेल्सच्या जिप्सी डॅनियल्सने मात्र त्याला पहिल्या फेरीत आडवे केले. हा धक्का पचवून ४ एप्रिल १९२८ रोजी त्याने फ्रान्त्स डीनरवर पंधरा फेऱ्यांत गुणांनी मात केली आणि जर्मनीचे हेवीवेट विजेतेपदही मिळविले.

त्या काळच्या बर्लिनमध्ये मुष्टियुद्ध हा केवळ श्रमिकांचा खेळ राहिला नव्हता. चित्रकार, शिल्पकार, लेखक, नट यांच्या वर्तुळात श्मेलिंगची ऊठबस होती. गेओर्ग ग्रोस याने त्याचे व्यक्तिचित्र रंगविले, तर रूडोल्फ बेलिंगने त्याचे शिल्प घडविले. १९३० सालच्या एका चित्रपटात त्याने भूमिकाही केली. या कलावंतांपैकी आणि त्यांच्या आश्रयदात्यांपैकी अनेक जण ज्यू होते. त्यांतील बहुतेकांना पुढे देश सोडावा लागला.

श्मेलिंगची शैली

श्मेलिंग सुमारे १८५ सेंटिमीटर उंच होता. हेवीवेट गटात त्याचे वजन बहुधा ८५ ते ८८ किलोंच्या दरम्यान असे, म्हणजे आजच्या हेवीवेट खेळाडूंच्या तुलनेत कमीच. तो धसमुसळा आक्रमक नव्हता. प्रतिस्पर्ध्याला पुढे येऊ द्यावे, त्याच्या चुका टिपाव्यात आणि नेमक्या क्षणी उजव्या हाताचा सरळ ठोसा हाणावा, ही त्याची रीत. पहिल्या काही फेऱ्या तो जणू अभ्यासात घालवी. त्यामुळे प्रेक्षकांना त्याची सुरुवात अनेकदा कंटाळवाणी वाटे. लढत लांबत गेली की त्याचे पारडे जड होई, ती झटपट सुरू झाली की तो अडचणीत येई. त्याचे मोठे विजय व मोठे पराभव दोन्ही या एकाच स्वभावातून निघाले आहेत.

अमेरिका आणि जगज्जेतेपद

व्यावसायिक मुष्टियुद्धाची राजधानी न्यूयॉर्क होती. १९२८ मध्ये श्मेलिंग तेथे गेला. ब्युलोवशी मतभेद होऊन त्याने जो जेकब्स या न्यूयॉर्कच्या ज्यू व्यवस्थापकाला आपलेसे केले. सतत तोंडात सिगार ठेवणारा, बडबड्या, व्यवहारात तरबेज असा हा माणूस शांत श्मेलिंगच्या अगदी उलट प्रकृतीचा होता, परंतु दोघांची जोडी टिकली. फेब्रुवारी १९२९ मध्ये जॉनी रिस्को आणि जूनमध्ये स्पेनचा पाउलिनो उस्कुदुन यांना हरवून श्मेलिंग जगज्जेतेपदाच्या दारात येऊन उभा राहिला. जीन टनी १९२८ मध्ये निवृत्त झाल्यामुळे ते पद रिकामे होते.

१२ जून १९३० रोजी न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये सुमारे ८०,००० प्रेक्षकांसमोर श्मेलिंग व अमेरिकेचा जॅक शार्की समोरासमोर आले. पहिल्या तीन फेऱ्यांत शार्कीची सरशी होती. चौथ्या फेरीत त्याचा एक ठोसा श्मेलिंगच्या कमरेखाली बसला आणि श्मेलिंग कळवळून खाली कोसळला. जेकब्स रिंगणात धावला व नियमभंगाचा एकच गिल्ला त्याने केला. पंचांमध्ये काही क्षण गोंधळ उडाला. अखेर शार्कीला अपात्र ठरवून श्मेलिंगला जगज्जेता घोषित करण्यात आले. प्रतिस्पर्धी अपात्र ठरल्याने हेवीवेट जगज्जेतेपद मिळण्याचा प्रसंग तोपर्यंत घडला नव्हता. जमिनीवर पडून मिळविलेले पद म्हणून अमेरिकेत त्याची थट्टा झाली व मायदेशीही सर्वांनी कौतुक केले नाही. शार्कीशी पुन्हा लढण्यास टाळाटाळ केल्याच्या कारणावरून न्यूयॉर्कच्या क्रीडा आयोगाने त्याची मान्यता काढून घेतली. इतरत्र मात्र तो विजेता मानला जात राहिला.

या टीकेला त्याने ३ जुलै १९३१ रोजी उत्तर दिले. क्लीव्हलंडच्या नव्या स्टेडियममध्ये यंग स्ट्रिब्लिंग या अनुभवी अमेरिकी खेळाडूला त्याने पंधराव्या व अंतिम फेरीत, लढत संपण्यास काही सेकंद उरले असताना नमविले. २१ जून १९३२ रोजी शार्कीशी दुसरी गाठ पडली. पंधरा फेऱ्यांनंतर विभागलेल्या कौलाने शार्कीला विजयी ठरविण्यात आले. सामना पाहणाऱ्या अनेकांच्या मते श्मेलिंग सरस ठरला होता. ‘आम्हाला लुबाडले!’ हा जेकब्सने नभोवाणीच्या ध्वनिक्षेपकासमोर केलेला आक्रोश पुढे अमेरिकी बोलीत म्हणीसारखा रूढ झाला. श्मेलिंगचे जगज्जेतेपद दोन वर्षांनी संपले, पण विचित्र गोष्ट अशी की पद जिंकताना गमावलेली प्रतिष्ठा त्याला पद गमावताना परत मिळाली.

नाझी राजवटीची छाया

जानेवारी १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. काही आठवड्यांतच जर्मन मुष्टियुद्ध संघटनेने ज्यूंना बाहेर काढले. एरिक झेलिग या ज्यू विजेत्याची पदे काढून घेण्यात आली व त्याला देश सोडावा लागला. झेलिगच्या जाण्याने रिकाम्या झालेल्या लाइट हेवीवेट पदासाठी जूनमध्ये जी लढत झाली, ती सिंती जमातीच्या योहान ट्रोलमानने गाजविली. त्याला मिळालेले पदही काही दिवसांतच काढून घेण्यात आले, आणि १९४४ मध्ये छळछावणीत त्याची हत्या झाली. सात वर्षांपूर्वी श्मेलिंगने आपल्या कारकिर्दीचा पाया ज्या पदावर रचला, त्याच पदाची ही पुढची कथा आहे.

श्मेलिंगसाठी ते वर्ष रिंगणातही वाईट गेले. ८ जून १९३३ रोजी मॅक्स बेअरने त्याला यांकी स्टेडियममध्ये दहाव्या फेरीत हरविले. पितृपक्षाकडून ज्यू वारसा सांगणारा बेअर त्या दिवशी आपल्या चड्डीवर डेव्हिडचा तारा, म्हणजे ज्यूंचे षट्कोनी ताऱ्याचे चिन्ह, लावून उतरला होता. पुढच्याच महिन्यात श्मेलिंगने चित्रपट-अभिनेत्री ॲनी ओंड्राशी विवाह केला. १९२९ मध्ये आल्फ्रेड हिचकॉकच्या ‘ब्लॅकमेल’ या चित्रपटात नायिकेची भूमिका करणारी ती हीच. हे दांपत्य जर्मनीत अत्यंत लोकप्रिय झाले.

फेब्रुवारी १९३४ मध्ये स्टीव्ह हामासकडून पराभव झाल्यावर श्मेलिंग संपला, असे अमेरिकेत बोलले जाऊ लागले. परंतु त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हॅम्बुर्ग येथे सुमारे एक लाख प्रेक्षकांसमोर त्याने वाल्टर नॉइझेलला हरविले व मार्च १९३५ मध्ये हामासचा हिशेब चुकता केला. या विजयानंतर सभागृहातील लोक नाझी सलामी देत उभे राहिले असता जेकब्सनेही हात वर केला, आणि त्या हातात सिगार होती. ते छायाचित्र जगभर छापले गेले व नाझी अधिकारी संतापले. ज्यू व्यवस्थापकाला काढून टाकण्याचा दबाव श्मेलिंगवर आला. त्याने तो मानला नाही. जेकब्स १९४० मध्ये वारला, तोपर्यंत तोच त्याचा अमेरिकेतील व्यवस्थापक राहिला.

दुसरी बाजूही नोंदविणे आवश्यक आहे. श्मेलिंग नाझी पक्षाचा सदस्य कधीच झाला नाही, पण हिटलर व गोबेल्स यांच्या भेटीगाठी त्याने टाळल्या नाहीत. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकवर अमेरिकेने बहिष्कार घालू नये म्हणून तेथील क्रीडानेत्यांची समजूत घालण्याच्या कामी त्याने आपले वजन खर्च केले. परदेशातील मुलाखतींत जर्मनीतील छळाविषयी तो मौन पाळी किंवा तो नाकारी. राजवटीला त्याच्या कीर्तीचा उपयोग होता आणि त्यालाही राजवटीच्या कृपेचे लाभ मिळत होते.

जो लुईशी पहिली लढत

१९३६ पर्यंत अमेरिकेच्या जो लुईने एकही व्यावसायिक लढत गमावली नव्हती. अलाबामात कापूस पिकविणाऱ्या गरीब कुटुंबात जन्मलेला व डेट्रॉइटमध्ये वाढलेला हा तरुण जगज्जेता होणार, याबद्दल कोणाला शंका नव्हती. तीस वर्षांच्या श्मेलिंगशी होणारी लढत ही त्या वाटेवरची एक पायरी समजली जात होती. लुईने सरावाकडेही पुरेसे लक्ष दिले नाही.

श्मेलिंगने मात्र लुईच्या लढतींचे चित्रपट पुन्हा पुन्हा पाहिले. डाव्या हाताचा जॅब मारल्यावर लुई तो हात परत हनुवटीपाशी न आणता किंचित खाली सोडतो, हे त्याच्या ध्यानात आले. त्या एका क्षणात लुईच्या चेहऱ्याची डावी बाजू उघडी पडत होती, आणि श्मेलिंगचे मुख्य शस्त्र उजवा हात हेच होते. आपल्याला काहीतरी दिसले आहे, एवढेच त्याने वार्ताहरांना सांगितले.

पावसामुळे एक दिवस पुढे गेलेली ही लढत १९ जून १९३६ रोजी यांकी स्टेडियममध्ये झाली. चौथ्या फेरीत श्मेलिंगच्या उजव्या ठोशाने लुई व्यावसायिक कारकिर्दीत प्रथमच जमिनीवर आला. त्यातून तो सावरला नाही. फेरीमागून फेरी तोच ठोसा त्याच जागी बसत गेला, लुईचा गाल सुजून आला, आणि बाराव्या फेरीत तो गुडघ्यांवर कोसळला. अमेरिकेतील कृष्णवर्णीय वस्त्यांवर त्या रात्री शोककळा पसरली. बर्लिनमध्ये ॲनी ओंड्रा गोबेल्सच्या घरी बसून नभोवाणीवर लढतीचा वृत्तांत ऐकत होती.

श्मेलिंग ‘हिंडेनबुर्ग’ या प्रसिद्ध हवाई जहाजातून मायदेशी परतला. हिटलरने त्याचे सपत्नीक स्वागत केले. लढतीचा चित्रपट ‘मॅक्स श्मेलिंगचा विजय – एक जर्मन विजय’ या नावाने देशभर दाखविण्यात आला. एका खेळाडूने बारकाईने केलेल्या अभ्यासाचे फळ वंशश्रेष्ठत्वाचा पुरावा म्हणून मांडण्यात आले.

हुकलेली संधी

या विजयाने जगज्जेता जेम्स ब्रॅडॉकला आव्हान देण्याचा पहिला हक्क श्मेलिंगकडे आला होता व जून १९३७ ची तारीखही ठरली होती. परंतु न्यूयॉर्कमधील नाझीविरोधी संघटनांनी बहिष्काराचा इशारा दिला. श्मेलिंग जिंकला तर जगज्जेतेपद जर्मनीत जाईल व परत येणार नाही, ही भीती आयोजकांना होती. ब्रॅडॉकच्या बाजूने लुईशी अधिक किफायतशीर करार केला. त्यानुसार लुई जिंकल्यास त्याच्या लढतींचे आयोजन करणाऱ्या माइक जेकब्सच्या नफ्याचा दशांश ब्रॅडॉकला दहा वर्षे मिळणार होता. ठरल्या दिवशी श्मेलिंग न्यूयॉर्कमध्ये वजन करण्यासाठी हजर झाला. प्रतिस्पर्धी आलाच नाही. २२ जून १९३७ रोजी शिकागो येथे लुईने ब्रॅडॉकला आठव्या फेरीत हरवून जगज्जेतेपद मिळविले.

केवळ खेळाच्या नियमांनी पाहिले तर हा श्मेलिंगवर अन्याय होता. मात्र ज्या देशाच्या मुष्टियुद्ध संघटनेने झेलिग व ट्रोलमान यांची पदे काढून घेतली होती, त्या देशाला क्रीडाधर्माच्या नावाने तक्रार करण्याचा अधिकार उरला नव्हता. त्या अन्यायाची किंमत चुकविली ती त्या निर्णयांत हात नसलेल्या, पण त्यांविरुद्ध अवाक्षरही न काढलेल्या एका खेळाडूने.

एकशे चोवीस सेकंद

२२ जून १९३८ रोजी यांकी स्टेडियममध्ये दुसरी लढत झाली तेव्हा ऑस्ट्रिया जर्मनीत विलीन होऊन तीन महिने झाले होते. न्यूयॉर्कमध्ये श्मेलिंगविरुद्ध निदर्शने झाली. रिंगणाकडे जाताना त्याच्या अंगावर केळ्यांच्या साली व कागदी पेले फेकले गेले. शिस्तभंगाच्या दुसऱ्या एका प्रकरणात आयोगाने निलंबित केल्यामुळे जेकब्स त्याच्या कोपऱ्यात उभा राहू शकला नाही. लुईचे वजन सुमारे ९० किलो होते, श्मेलिंगचे ८७.५. लुई चोवीस वर्षांचा होता, श्मेलिंग बत्तीस.

दोन वर्षांपूर्वीचा धडा लुई विसरला नव्हता. श्मेलिंगला अभ्यासाला वेळच द्यायचा नाही, हे ठरवून तो उतरला. घंटा होताच त्याने हल्ला चढविला. श्मेलिंग दोरखंडाला टेकून वळत असताना एक ठोसा त्याच्या पाठीच्या बाजूला बसला व त्याची किंकाळी प्रेक्षकांपर्यंत पोहोचली. तो तीनदा खाली पडला. माखोनने टॉवेल रिंगणात फेकला, पण त्या काळी न्यूयॉर्कमध्ये ही शरणागतीची खूण ग्राह्य नव्हती. पंच आर्थर डोनोव्हन याने तो बाजूला भिरकावून लगेच लढत थांबविली. तेव्हा घड्याळात दोन मिनिटे चार सेकंद झाली होती. श्मेलिंगने संपूर्ण लढतीत मोजकेच ठोसे मारले होते. त्याच्या मणक्याचे हाड मोडल्याने त्याला रुग्णालयात राहावे लागले.

७०,००० हून अधिक प्रेक्षकांनी ही लढत प्रत्यक्ष पाहिली व कोट्यवधी लोकांनी नभोवाणीवर ऐकली. लुई अमेरिकेचा राष्ट्रवीर झाला. मात्र त्याच अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत त्याला गोऱ्यांच्या उपाहारगृहात बसता येत नव्हते, हेही त्या काळाचे वास्तव होते. जर्मनीत श्मेलिंगच्या स्वागताला या वेळी कोणी अधिकारी आला नाही. पुढे उतारवयात त्याने असे म्हटले की त्या पराभवाबद्दल त्याला समाधान वाटते, कारण जिंकून परतला असता तर नाझींनी त्याला आपल्या डोक्यावर मिरविले असते.

नोव्हेंबर १९३८ आणि युद्धकाळ

९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री जर्मनीभर ज्यूंची प्रार्थनामंदिरे व दुकाने जाळण्यात आली. त्या दिवसांत श्मेलिंगने आपले ज्यू स्नेही डेव्हिड लेविन यांच्या दोन किशोरवयीन मुलांना बर्लिनच्या एक्सेल्सियर हॉटेलमधील आपल्या खोलीत लपवून ठेवले. आपण आजारी असून कोणालाही वर पाठवू नये, असे त्याने हॉटेलात सांगून ठेवले होते. धोका टळल्यावर मुलांना सुरक्षित स्थळी पोहोचविण्यात आले. पुढे ती शांघायमार्गे अमेरिकेत गेली. श्मेलिंगने या गोष्टीची कधी वाच्यता केली नाही. १९८९ मध्ये त्या दोघांपैकी हेन्री लेविन यांनी, ते तोवर अमेरिकेतील नामांकित हॉटेल-व्यावसायिक झाले होते, लास व्हेगसमधील एका समारंभात ती प्रथम जाहीर केली.

२ जुलै १९३९ रोजी स्टुटगार्ट येथे आडोल्फ हॉयझरला पहिल्याच फेरीत नमवून श्मेलिंग युरोपचा हेवीवेट विजेता झाला. दोन महिन्यांनी महायुद्ध सुरू झाले. १९४० मध्ये त्याला सैन्यात भरती करून हवाई छत्रीधारी दलात पाठविण्यात आले. मे १९४१ मध्ये क्रीट बेटावरील स्वारीत उडी घेताना तो जखमी झाला. इंग्रज सैनिकांनी जर्मनांवर अत्याचार केल्याच्या प्रचाराला अमेरिकी वार्ताहराशी बोलताना त्याने दुजोरा दिला नाही, त्यामुळे गोबेल्सची त्याच्यावर खप्पामर्जी झाली.

अखेरच्या लढती व उत्तरायुष्य

युद्धात श्मेलिंगची मालमत्ता गेली. पैशांच्या निकडीने १९४७ मध्ये, बेचाळिसाव्या वाढदिवशी, तो पुन्हा रिंगणात उतरला व जिंकला. या पुनरागमनात त्याने पाच लढती खेळल्या, तीन जिंकल्या. मे १९४८ मध्ये जुना प्रतिस्पर्धी नॉइझेल आणि ३१ ऑक्टोबर १९४८ रोजी बर्लिनमध्ये रिचर्ड फोग्ट यांच्याकडून गुणांवर पराभूत झाल्यावर त्याने हातमोजे कायमचे उतरविले.

१९५४ मध्ये तो अमेरिकेस गेला. जेकब्सच्या कबरीचे त्याने दर्शन घेतले आणि शिकागोत जाऊन जो लुईला भेटला. दोन वेळा एकमेकांना रक्तबंबाळ करणाऱ्या या दोघांचा स्नेह त्यानंतर अखेरपर्यंत टिकला. १९५७ च्या सुमारास श्मेलिंगला हॅम्बुर्ग येथे कोका-कोलाच्या वितरणाचा परवाना मिळाला. एकेकाळी न्यूयॉर्कच्या क्रीडा आयोगाचे प्रमुख असलेले जेम्स फार्ली तेव्हा त्या कंपनीत वरिष्ठ पदावर होते, ही जुनी ओळख कामी आली. श्मेलिंग संपन्न झाला. लुईचे आयुष्य मात्र करांची थकबाकी व आजारपण यांनी ग्रासले होते. श्मेलिंगने त्याला आर्थिक साहाय्य केले आणि एप्रिल १९८१ मध्ये लुईचे निधन झाल्यावर अंत्यविधीच्या खर्चातही वाटा उचलला.

१९७७ मध्ये श्मेलिंगचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. ॲनी ओंड्रा १९८७ मध्ये निवर्तली. चौपन्न वर्षांच्या या संसारात मूल नव्हते. १९९१ मध्ये त्याने गरजूंच्या मदतीसाठी स्वतःच्या नावे प्रतिष्ठान स्थापिले. १९९२ मध्ये अमेरिकेतील आंतरराष्ट्रीय मुष्टियुद्ध गौरव दालनात त्याची निवड झाली व १९९६ मध्ये बर्लिनमधील एका मोठ्या क्रीडागृहाला त्याचे नाव देण्यात आले. शंभरी गाठण्यास आठ महिने उरले असताना हॅम्बुर्गजवळील व्हेंझेनडोर्फ येथे त्याचे निधन झाले.

मूल्यमापन

दहा पराभवांपैकी तीन कोवळ्या वयातील, एक १९२८ मधील अनपेक्षित, दोन चाळिशी उलटल्यानंतरचे. उरलेले चार शार्की, बेअर, हामास व लुई यांच्याकडून झालेले. त्यांपैकी तिघे कधी ना कधी जगज्जेते झाले. लुईने १९३७ पासून सुमारे बारा वर्षे जगज्जेतेपद सांभाळले. निवृत्ती पत्करण्यापूर्वी त्याला हरविणारा एकमेव माणूस श्मेलिंगच होता. खेळाडू म्हणून त्याच्या योग्यतेचे याहून मोठे प्रमाण नाही.

त्याच्यानंतर जर्मनीतून हेवीवेट जगज्जेतेपदाचे आव्हानवीर निघाले. कार्ल मिल्डेनबेर्गरने १९६६ मध्ये फ्रँकफुर्ट येथे मुहम्मद अलीला बाराव्या फेरीपर्यंत झुंजविले. पूर्व जर्मनीच्या हौशी परंपरेतून आलेला आक्सेल शुल्त्स १९९५ मध्ये लास व्हेगसला जॉर्ज फोरमनकडून वादग्रस्त कौलाने हरला. दोघांच्याही वेळी जर्मन वृत्तपत्रांनी तुलनेसाठी श्मेलिंगचेच नाव घेतले.

माणूस म्हणून त्याचा हिशेब इतका सरळ नाही. ज्या राजवटीने त्याच्या व्यवसायबंधूंना देशोधडीला लावले, तिच्या मेजवान्यांना तो गेला, आणि त्याच राजवटीने सांगूनही आपल्या ज्यू व्यवस्थापकाला त्याने सोडले नाही. सार्वजनिक ठिकाणी तो गप्प राहिला, आणि हॉटेलच्या बंद खोलीत त्याने दोन मुलांचे प्राण वाचविले. पन्नास वर्षे ते कोणाला सांगितले नाही. या नोंदींपैकी एक ठेवून दुसरी पुसून टाकता येत नाही. त्याच्या चरित्राचा अभ्यास करणाऱ्यांना त्या दोन्ही शेजारी शेजारीच ठेवाव्या लागतात.